अठरा बाइटांचा उंबरठा

संगणकावर मी शिकलेली पहिली आज्ञा होती ‘कॉपी कॉन’. साल १९९२, साताऱ्यातला एक संगणक वर्ग. चपला दाराबाहेर, आत गालिचा, प्रत्येक यंत्राला शिवून घेतलेला प्लॅस्टिकचा अभ्रा आणि एकेका यंत्रापुढे आम्ही तिघी-तिघी. ‘कॉपी कॉन’ लिहायचं, पुढे फाइलचं नाव द्यायचं, एंटर दाबायचं. पडदा गप्प राहायचा. त्यानंतर जे टाइप करू ते फाइलीत जायचं आणि संपलं की एफ-६ दाबायचं. मी आईला पत्र लिहिलं. चार ओळींचं, इंग्रजीत. ‘तीर्थस्वरूप आईस साष्टांग नमस्कार’ हे त्या यंत्राला लिहिता येत नव्हतं. मग सर म्हणाले, आता हीच फाइल ‘पीआरएन’ला कॉपी करा. कोपऱ्यातला डॉट मॅट्रिक्स प्रिंटर करकरत जागा झाला आणि माझं पत्र कागदावर उतरलं.

‘‘सर, कॉन म्हणजे काय?’’

‘‘कॉन म्हणजे कन्सोल. लिहून घ्या.’’

घेतलं लिहून. पण मनातली शंका गेली नाही. एका फाइलीची नक्कल दुसऱ्या फाइलीत होते हे समजत होतं. कीबोर्डची नक्कल कशी होईल? आणि प्रिंटर ही फाइल कशी काय? पुढे पुण्यात पीसी असेंबल करणाऱ्या एका दुकानात नोकरीला लागले, रोज स्क्रू-ड्रायव्हर आणि फ्लॉप्या घेऊन बसू लागले, तेव्हा कुठे उत्तर सापडलं. कॉन आणि पीआरएन ही ड्रायव्हरांची नावं होती. एमएस-डॉसच्या पोटात आधीपासून बसलेले ते दोन ड्रायव्हर होते आणि पहिल्याच दिवशी मी नकळत दोघांशीही बोलले होते.

तीस वर्षं हे काम केल्यावर डॉसबद्दल माझं एक मत पक्कं झालं आहे. जिथे त्याने बाहेरच्या यंत्रांसाठी दार ठेवलं, तिथून आत आलेल्या वस्तू आजही चालतात. जिथे दार ठेवलं नाही, तिथे ज्याने त्याने आपापली भिंत फोडली. आणि त्या भगदाडांमध्ये आमच्यासारख्यांच्या किती रात्री गेल्या याचा हिशेब नाही. आपल्या देवनागरीला तर दार मिळालंच नाही. तिला भिंतीतून यावं लागलं.

ही गोष्ट डॉसच्या आधी सुरू होते. १९७४ मध्ये अमेरिकेत गॅरी किल्डॉल यांनी सीपी/एम ही कार्यप्रणाली लिहिली. त्या काळी प्रत्येक कंपनीचं यंत्र वेगळं, फ्लॉपीचा कंट्रोलर वेगळा, टर्मिनल वेगळं. प्रत्येक यंत्रासाठी अख्खी प्रणाली नव्याने बदलायची हा वैताग होता. किल्डॉल यांनी तिचे दोन भाग केले. फाइली सांभाळणारा भाग सगळीकडे सारखा ठेवला, आणि प्रत्यक्ष लोखंडाशी बोलणारा छोटा भाग वेगळा काढून त्याला ‘बायोस’ म्हटलं. यंत्र बदललं की तेवढाच भाग नव्याने लिहायचा. ‘बायोस’ हा शब्द आज प्रत्येक दुकानातल्या पोराच्या तोंडी आहे, पण तो कुणाचा हे फार थोड्यांना ठाऊक असतं. ‘कॉन’ हे नावही सीपी/एमकडूनच डॉसकडे आलं.

आयबीएमचा पीसी १२ ऑगस्ट १९८१ रोजी जाहीर झाला. त्याच्याबरोबरच्या डॉसचं मूळ होतं सिॲटल कॉम्प्युटर प्रॉडक्ट्समधल्या टिम पॅटरसन यांनी लिहिलेलं ८६-डॉस. पहिल्या डॉसमध्ये यंत्रांशी बोलणारा सगळा भाग एकाच फाइलीत घट्ट बसवलेला होता. पीसीच्या आत मात्र पाच मोकळे स्लॉट होते. कार्ड हवं ते खुपसा, पण त्या कार्डाची ओळख डॉसला करून द्यायची अधिकृत सोय नाही. घरात पाच खोल्या रिकाम्या आणि पाहुण्याला आत घ्यायला दार नाही, अशी ती अवस्था.

दार आलं मार्च १९८३ मध्ये. आयबीएमचा एक्सटी आला, त्यात १० एमबीची हार्ड डिस्क होती आणि सोबत डॉस २.०. ही आवृत्ती जवळजवळ नव्याने लिहिलेली होती. डिरेक्टऱ्या आल्या, आणि ‘कॉन्फिग.सिस’ नावाची एक साधी मजकुराची फाइल आली. तिच्यात ‘डिव्हाइस=’ असं लिहून पुढे ड्रायव्हरच्या फाइलीचं नाव द्यायचं. यंत्र सुरू होताना डॉस ही फाइल वाचतं आणि एकेका ड्रायव्हरला आत घेतं.

आत घेताना डॉस काय पाहतं? ड्रायव्हरचे पहिले १८ बाइट. त्यातले ४ बाइट पुढच्या ड्रायव्हरचा पत्ता. २ बाइटांत स्वभाव: हा कीबोर्ड-प्रिंटरसारखा एकेक अक्षर देणारा-घेणारा आहे की डिस्कसारखा ठोकळ्यांनी वाचणारा. २-२ बाइटांचे दोन पत्ते, काम सांगायचं कुठे आणि करून घ्यायचं कुठे. शेवटचे ८ बाइट नाव. संपलं. या १८ बाइटांत कंपनीचा शिक्का नाही, परवाना नाही, कुणाची सही नाही. सिंगापुरातल्या किंवा भोसरीतल्या कुणीही हे १८ बाइट बरोबर लिहिले की डॉस त्याला घरचा मानतं. मला या रचनेबद्दल फार आदर आहे. एकमेकांना कधीही न भेटणाऱ्या दोन माणसांमधला तो करार आहे. एकाने अमेरिकेत मायक्रोसॉफ्टच्या बेलव्ह्यूमधल्या कचेरीत बसून डॉस लिहिलं, दुसऱ्याने दहा वर्षांनी जगाच्या दुसऱ्या टोकाला एक कार्ड बनवलं, आणि दोघांचं पहिल्या भेटीत जमलं.

ड्रायव्हर आत आला की डॉस त्याला पहिली हाक मारतं ती ‘तयार हो’ अशी. या एकाच वेळी ड्रायव्हर पडद्यावर स्वतःचं नाव-गाव छापतो, आपलं कार्ड जागेवर आहे का ते चाचपतो आणि डॉसला सांगतो, माझी हद्द इथवर. हुशार लेखक हा तयारीचा भाग फाइलीच्या अगदी शेवटी ठेवत आणि हद्द त्याच्या अलीकडची सांगत. तयारी झाली की तेवढी मेमरी दुसऱ्याच्या कामी येई. लग्नाचा मांडव काढून तीच जागा पुन्हा अंगणाला देण्यासारखं. ६४० केबीच्या घरात राहणाऱ्यांना अशी काटकसर अंगवळणी होती.

आणि ती साखळी. प्रत्येक ड्रायव्हर पुढच्याचा पत्ता हातात धरून उभा. सगळ्यांत पुढे डॉसचा स्वतःचा ‘नल’ ड्रायव्हर, आणि नवा येणारा नेहमी नलच्या लगेच मागे. ही साधी गोष्ट फार दूरवर जाते. ‘ॲन्सी.सिस’ हा डॉसबरोबरच येणारा ड्रायव्हर पडद्यावर रंग आणि कर्सरची हालचाल देत असे. तो हे कसं करायचा? त्याने स्वतःचं नाव ‘कॉन’ ठेवलं होतं. डॉस साखळीत कॉन शोधत निघालं की जुन्या कॉनच्या आधी हाच भेटायचा. जुना तिथेच, मागे, जिवंत. फक्त त्याला कुणी हाक मारत नसे. कार्यप्रणालीच्या पोटातला तुकडा तिला हात न लावता बदलायचा, हे १९८३ साली एका साध्या रांगेने साधलं होतं.

याच साखळीमुळे एक दंतकथा जन्माला आली. ईमेल फॉरवर्ड करायच्या काळात ती प्रत्येकाच्या इनबॉक्समध्ये येऊन गेली आहे: ‘एका भारतीयाने शोधून काढलं की संगणकावर कॉन नावाचं फोल्डर बनत नाही आणि मायक्रोसॉफ्टमध्येही याचं उत्तर कुणाला देता आलं नाही.’ उत्तर अगदी सरळ आहे. पहिल्या डॉसमध्ये डिरेक्टऱ्या नव्हत्या, त्यामुळे ‘पीआरएन’ असं नाव दिलं की ते प्रिंटरलाच जायचं. २.० मध्ये डिरेक्टऱ्या आल्या तेव्हा जुने प्रोग्राम मोडू नयेत म्हणून ही नावं प्रत्येक डिरेक्टरीत चालतील असं ठरलं. डॉस कुठलीही फाइल उघडण्याआधी ड्रायव्हरांची साखळी पाहतं, आणि नाव तिथे सापडलं तर पुढचं ‘.टीएक्सटी’ वगैरे बघतही नाही. २.० मध्ये या नावांना एका वेगळ्या ‘डेव्ह’ डिरेक्टरीच्या आड पाठवायची सोय कॉन्फिग.सिसमध्ये ठेवली होती, पण ती पुढच्या आवृत्तीत काढली गेली. ती टिकली असती तर आजच्या विंडोजवरही कॉन नावाची फाइल सहज बनली असती. माझ्या विद्यार्थिनींना मी हे फोल्डर बनवायला लावते. बनत नाही. मग त्यांना सांगते, पोरींनो, हा १९८१ सालचा कीबोर्ड तुम्हाला आडवा आला.

डिस्कच्या ड्रायव्हरांची गोष्ट मला याहून आवडते. डॉस डिस्कच्या ड्रायव्हरला मधून मधून विचारत असतं, ‘‘आतली फ्लॉपी तीच आहे ना?’’ हा प्रश्न जिवाचा आहे. माणसाने मध्येच फ्लॉपी बदलली आणि डॉसने जुन्या फ्लॉपीची यादी नवीवर लिहिली तर दोन्ही गेल्या. पण ३६० केबीच्या जुन्या ड्राइव्हला दार उघडलं-मिटलं हे कळायचंच नाही. म्हणून ड्रायव्हरला तीन उत्तरांची मुभा होती: बदललेली नाही, बदलली आहे, आणि माहीत नाही. यंत्राला ‘माहीत नाही’ म्हणायचा हक्क देणारा करार मी फार थोड्या ठिकाणी पाहिला. ‘माहीत नाही’ म्हटलं की डॉस सावध होऊन फ्लॉपीवरची यादी पुन्हा वाचे.

दर वेळी असं पुन्हा वाचायचं तर काम रखडे. मग डॉस २.० चे प्रमुख मार्क झ्बिकोव्स्की स्टॉपवॉच घेऊन बसले आणि ॲरन रेनॉल्ड्स व ख्रिस पीटर्स या सहकाऱ्यांना त्यांनी फ्लॉपी जमेल तितक्या वेगाने बदलायला लावली. दोन सेकंदांच्या आत कुणालाही जमलं नाही. म्हणून नियम ठरला: मागच्या वाचनाला दोन सेकंद व्हायच्या आत पुन्हा वाचायचं असेल तर फ्लॉपी तीच समजावी. माणसाच्या हाताचा वेग मोजून तो प्रणालीत लिहून ठेवला गेला.

आणि फ्लॉपी ड्राइव्हमध्ये नसलीच तर? ड्रायव्हर ‘तयार नाही’ असा खुणेचा आकडा परत देई आणि पडद्यावर ती ओळ येई, जी ऐकली की त्या पिढीच्या पोटात आजही गोळा येतो: अबॉर्ट, रिट्राय, फेल? आमच्या वर्गात एकजण दर वेळी घाबरून यंत्रच बंद करायची. तिला कुणी सांगितलं नव्हतं की हा ड्रायव्हरचा निरोप आहे, फ्लॉपी नीट बसवून ‘आर’ दाबलं की काम भागतं.

आता भिंतींकडे वळते.

डॉसने डिस्कला दार दिलं, प्रिंटरला दिलं, पडद्याला मात्र अर्धवट दिलं. कॉनमधून अक्षरं ओळीने छापता येत, पण ते फार संथ होतं. जानेवारी १९८३ मध्ये लोटस १-२-३ आलं आणि त्याने डॉस आणि बायोस दोघांनाही बाजूला सारून पडद्याच्या मेमरीत थेट लिहायला सुरुवात केली. आकड्यांचे तक्ते झरझर हलू लागले. वेग पाहून सगळ्यांनीच तो रस्ता धरला. याचा परिणाम भयंकर झाला. त्या काळी डेकचा रेनबो, व्हिक्टर ९००० अशी चांगली यंत्रं एमएस-डॉसवरच चालत, त्यांच्या कंपन्यांनी आपापला बायोस लिहिलेला असे. पण त्यांच्या पडद्याची मेमरी आयबीएमच्या जागी नव्हती. आयबीएमसाठीचं लोटस तिथे चालेना. ‘लोटस आणि फ्लाइट सिम्युलेटर चालतात का?’ हीच पीसीची परीक्षा झाली, आणि डॉस चालवणारी पण आयबीएमसारखी नसलेली यंत्रं एकेक करून बाजारातून गेली. दार नसल्यामुळे कितीतरी चांगलं लोखंड भंगारात गेलं, असं मी म्हणते.

आवाजाची तीच गत. पीसीला आवाज म्हणजे एक बारकुसा भोंगा. १९८७ मध्ये कॅनडातल्या क्यूबेकहून ॲडलिब कार्ड आलं, त्यावर यामाहाची चिप. १९८९ मध्ये सिंगापूरच्या क्रिएटिव्हचं साउंड ब्लास्टर आलं आणि त्याने बाजार जिंकला. पण डॉसमध्ये आवाजाच्या ड्रायव्हरचा करारच नव्हता. म्हणून प्रत्येक गेम आपल्या पोटात प्रत्येक कार्डाचे ड्रायव्हर बाळगून फिरे. गेम टाकला की आधी सेटअप चालवायचा: कार्ड कुठलं, पत्ता कुठला, आयआरक्यू किती, डीएमए किती. यंत्र सुरू होताना आपोआप चालणाऱ्या ऑटोएक्झेक.बॅटमध्ये ‘सेट ब्लास्टर=ए२२० आय५ डी१’ ही ओळ आम्ही श्लोकासारखी पाठ केली होती. पुढे इतर कंपन्यांची कार्डंही खोक्यावर ‘साउंड ब्लास्टर कम्पॅटिबल’ असं छापू लागली. करार कागदावर नसला की एकाचं लोखंडच करार होऊन बसतं.

आयआरक्यू हा शब्द आज कुणाला लागत नाही, पण आमचं अर्धं आयुष्य त्यात गेलं. कार्डाला प्रोसेसरचं लक्ष वेधायचं असतं तेव्हा ते एक तार ओढतं. मूळ पीसीत अशा ८ तारा. १९८४ च्या एटीमध्ये त्यांना आणखी एक चिप जोडली आणि वापरण्याजोग्या १५ झाल्या. ० घड्याळाची, १ कीबोर्डची, ६ फ्लॉपीची, ७ प्रिंटर पोर्टची. उरलेल्यांत सगळ्यांनी भागवायचं, आणि एक तार दोघांना सुखाने वापरता येत नसे. कार्डावर बारीक पिना, त्यावर जंपर नावाची काळी टोपी. ती टोपी नखाने काढून दुसऱ्या पिनांवर बसवायची. टोपी हरवली तर गालिच्यावर गुडघे टेकून शोधायची.

१९९६ मध्ये मी घरच्या पीसीत मोडेमचं कार्ड बसवलं. मोडेम चालायचा, माउसही चालायचा. पण मोडेमने फोन लावला की माउस जागच्या जागी थिजायचा. चार रात्री मी ड्रायव्हर बदलत बसले. पाचव्या रात्री कागदावर तारांचा तक्ता काढला आणि डोळे उघडले. माउस कॉम-१ वर, मोडेम कॉम-३ वर, आणि दोन्हींची तार एकच, ४ नंबरची. चूक माझी होती. जंपर हलवून मोडेम कॉम-४ वर नेला, तार ३ झाली, आणि माउस सुटला. तो कागद अजून माझ्या टूलकिटच्या झाकणाला आतून चिकटवलेला आहे.

सीडी-रॉमची कथा वेगळीच. डिस्कचं दार होतं, पण त्या दारातून येणारी डिस्क डॉसच्या पद्धतीने मांडलेली असावी अशी अट. सीडीची मांडणी वेगळी आणि आकार अवाढव्य. मग तिला डॉस ३.१ पासून नेटवर्कसाठी केलेल्या दारातून आणलं. कॉन्फिग.सिसमध्ये सीडीचा ड्रायव्हर टाकायचा, त्याला एक नाव द्यायचं, मग ऑटोएक्झेकमध्ये ‘एमएससीडीईएक्स’ला तेच नाव सांगायचं, आणि तो सीडीला ड्राइव्हचं अक्षर द्यायचा. डॉसच्या समजुतीप्रमाणे सीडी म्हणजे लांबच्या कुठल्या तरी यंत्रावरची डिस्क. दोन्हीकडे नाव जुळलं नाही की सीडी दिसत नसे, आणि गिऱ्हाइकांच्या घरी मी सर्वांत जास्त वेळा दुरुस्त केलेली चूक हीच.

देवनागरीबद्दल मी थोडं सविस्तर लिहिणार आहे, कारण हा भाग आपल्याकडे घडला.

डॉस ३.३ पासून पडद्यावरची अक्षरं बदलायचा एक ड्रायव्हर होता, ‘डिस्प्ले.सिस’. युरोपातल्या भाषांसाठी तो पुरेसा होता. मग देवनागरीसाठी का नाही? पडद्यावर २५ ओळी, प्रत्येकीत ८० खाने आणि एका वेळी २५६ चिन्हं. आपली जोडाक्षरं, काना-मात्रा, रफार धरले तर २५६ खाने कुठेच पुरत नाहीत. शिवाय ‘कि’ मध्ये वेलांटी उच्चारात नंतर आणि दिसण्यात आधी. पण त्याहून बारीक अडचण लोखंडात होती. व्हीजीएच्या अक्षरपडद्यावर प्रत्येक खाना ९ ठिपके रुंद, पण अक्षराचं चित्र ८ ठिपक्यांचं. नववा ठिपका रिकामा, म्हणजे दोन इंग्रजी अक्षरं एकमेकांना चिकटत नाहीत. देवनागरीत त्याच रिकाम्या ठिपक्यावर शिरोरेखा तुटते. प्रत्येक अक्षरानंतर एक फट. फक्त १९२ ते २२३ या ३२ चिन्हांना चिप आठवा ठिपका नवव्यावर उमटवून देते, कारण त्या जागी चौकटी आखायच्या रेघा आहेत. आपल्या शिरोरेखेला जोडून राहायला जगाने ३२ जागा ठेवल्या होत्या, त्याही चौकटींसाठी.

म्हणून देवनागरी आली ती कार्डातून. आयआयटी कानपूरमध्ये आर. एम. के. सिन्हा आणि मोहन तांबे यांनी ज्या तंत्रावर काम केलं, ते पुढे पुण्यात सी-डॅकमध्ये आलं. सी-डॅकची स्थापना १९८८ ची. या तंत्रावरचं जिस्ट कार्ड पीसीच्या स्लॉटमध्ये बसे, आणि डीबेस किंवा वर्डस्टारसारख्या इंग्रजीसाठी लिहिलेल्या प्रोग्रामांत मराठी दिसू लागे. प्रोग्रामला पत्ताही नसे. या सगळ्यामागची युक्ती इस्की या संकेतात आहे, जो १९९१ मध्ये भारतीय मानक झाला. खालची १२८ चिन्हं इंग्रजीची जशीच्या तशी, वरची भारतीय लिप्यांची. फाइलीत अक्षरं उच्चाराच्या क्रमाने ठेवायची, ‘क’ आणि मग वेलांटी. आकार कसा दिसेल ते दाखवणाऱ्याने ठरवायचं. शिवाय एकच संकेत सगळ्या ब्राह्मी कुळातल्या लिप्यांना, त्यामुळे तेच नाव मराठीतून गुजरातीत दाखवायला फक्त लिपी बदलायची. मी हे पहिल्यांदा एका कार्यालयात पाहिलं तेव्हा टेबलाशी उभी राहून पाहतच बसले. ज्या यंत्राने मला आईला इंग्रजीत लिहायला लावलं होतं, त्याच जातीच्या यंत्रावर गावांच्या नावांची मराठी यादी उभी होती, शिरोरेखेसकट, सलग.

छपाईचं मात्र वेगळं दुखणं होतं. पीआरएन फक्त बाइट पुढे सरकवतो, पानावर काय उमटणार हे त्याला कळत नाही. प्रिंटरला इंग्रजी अक्षरं पाठ, मराठी नाही. मग ठिपके मोजून पाठवायचे. एप्सनच्या संकेतांत ‘आता चित्र येतंय’ अशी एक खूण असते. तिच्यानंतर येणारा प्रत्येक बाइट म्हणजे ८ पिनांचा एक उभा ठिपकापट्टा. एक ओळ मराठी छापायला प्रिंटरचं डोकं दोनदा-तीनदा फिरे. मराठी पत्रिका छापायची म्हणजे प्रिंटर किती वेळ करकरत राहायचा ते ज्यांनी ऐकलं त्यांना विसरता येणार नाही.

ऑगस्ट १९९५ मध्ये विंडोज ९५ आलं आणि पडदा, आवाज, माउस, प्रिंटर सगळ्यांना दारं मिळाली. डॉस मागे पडलं. पण त्याची यंत्रं गेली नाहीत.

मागच्या वर्षी भोसरीतल्या एका लहान कारखान्यातून फोन आला. गिअरचे दाते मोजणारं यंत्र, नव्वदच्या दशकातलं. त्याला जोडलेला पीसी सुरू होत नव्हता. मालक सत्तरीचे. मला म्हणाले, ‘‘ताई, यंत्राला काहीसुद्धा झालेलं नाही. अजून मायक्रॉनमध्ये मोजतं. पण पीसी मेला तर हे भंगारात जाणार.’’ नवा पीसी का घेत नाही, असं मी विचारलं नाही. त्यात हे लांबलचक जुनं कार्ड बसायला स्लॉटच नसतो.

‘‘काका, ड्रायव्हरची फ्लॉपी आहे का?’’

त्यांनी देवघराशेजारच्या कपाटातून स्टीलचा डबा काढला. आत फ्लॉपी, वर प्लॅस्टिक, त्यावर तारीख.

हार्ड डिस्क गेली होती. तिच्या जागी मी एक कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड बसवलं. साध्या जोडणीने ते जुन्या पीसीला हार्ड डिस्कच वाटतं. मूळ डॉसच्या फ्लॉप्या मिळेनात, म्हणून फ्रीडॉस टाकलं. जिम हॉल या विद्यार्थ्याने १९९४ मध्ये सुरू केलेली ही मुक्त प्रणाली आजही जिवंत आहे, तिची १.४ ही आवृत्ती एप्रिल २०२५ मध्ये आली. फ्लॉपी तीनदा अडखळली, चौथ्यांदा वाचली गेली. कॉन्फिगच्या फाइलीत एक ओळ लिहिली: डिव्हाइस, फाइलचं नाव, पत्ता ३००. कार्डावरचा जंपर भिंग लावून तपासला. यंत्र सुरू केलं. ज्या डॉससाठी तो ड्रायव्हर लिहिला होता ते तिथे नव्हतंच. पण १८ बाइट तेच होते. ड्रायव्हर साखळीत शिरला, पडद्यावर आपलं नाव छापलं, आपलं कार्ड सापडल्याचं सांगितलं. काकांनी एक गिअर बसवला. सुई हलली. कुणी काही बोललं नाही. काकांनी शर्टाच्या बाहीने कार्डाच्या पेटीवरची धूळ पुसली.

असं काम करणारे जगभर आहेत. यूएसबी १९९६ मध्ये, डॉस मागे पडल्यावर आलं, तरी पॅनासॉनिकचा एक डॉस ड्रायव्हर यूएसबी डिस्क वाचतो. एसबीईएमयू नावाचा प्रोग्राम आजच्या संगणकातल्या आवाजाच्या चिपला साउंड ब्लास्टर असल्याचं वागायला लावतो. पिकोगस हे नवं कार्ड रास्पबेरी पाय पिको या छोट्या पाटीवरून जुन्या पीसीला ॲडलिबचा आवाज देतं. मायक्रोसॉफ्टने डॉस १.२५ आणि २.० चा मूळ मजकूर २०१४ मध्ये माउंटन व्ह्यूच्या कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियममार्फत वाचायला दिला, २०१८ मध्ये तो मुक्त परवान्याने खुला केला, आणि २०२४ मध्ये ४.०० चाही. मी २.० चा मजकूर उघडला त्या रात्री झोपले नाही. साखळीत नवा ड्रायव्हर नलच्या मागे घालणाऱ्या ओळी शोधत बसले होते. सापडल्या.

त्यानंतर मी स्वतः एक ड्रायव्हर लिहायला घेतला. घरी एक ४८६ आहे आणि जुना एप्सन आहे. ड्रायव्हरचं नाव ‘मराठी’, रोमन लिपीत सात अक्षरं, आठात बसतं. पहिले १८ बाइट मी कागदावर आखून मगच टाइप केले. इस्कीत लिहिलेली फाइल त्याला कॉपी केली की तो प्रत्येक अक्षराचे ठिपके जुळवतो आणि प्रिंटरला चित्र म्हणून पाठवतो. डॉसला वाटतं, आणखी एक प्रिंटर आहे. वेलांटी मागे नेणं लवकर जमलं. रफाराने तीन आठवडे घेतले.

गेल्या महिन्यात पहिलं पान छापलं. तेच पत्र, १९९२ चं, या वेळी जसं लिहायला हवं होतं तसं. आई आता चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. चष्मा पुसून तिने कागद खिडकीशी नेला, पूर्ण वाचला आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.

‘‘अगं, साष्टांगमधला ‘ष्टां’ सुटा पडलाय.’’

खरंच पडला होता. हलन्तानंतर ‘ट’ आला की मी अर्धा ‘ष’ घेत नव्हते. ती नोंद वहीत केली आहे. या आठवड्यात बसते.